पंगतीचं रजिस्टर अकोल्यात उघडलं

लग्नाला किती माणसं येणार, हे वऱ्हाडात मुलाचा बाप कधी खरं सांगत नाही. खरं सांगितलं तर मुलीकडचे घाबरतील, म्हणून तो निम्मं सांगतो. आणि मुलीचा बाप "हाव हाव, येऊ द्या" म्हणतो, कारण नाही म्हणायची पद्धत नाही. मग लग्नाच्या दिवशी दीड वाजता वरण पातळ होतं, दोन वाजता त्यात डाळ शोधावी लागते, आणि अडीच वाजता कोणीतरी मामा रुसून मंडपाबाहेर मोटारसायकलवर जाऊन बसतो.

या रोगावर अमरावतीच्या शालिकरामजींनी एकट्यानं औषध काढलं होतं. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्याच्या भांडारात काढून ते निवृत्त झाले आणि समाजाच्या मंगल कार्यालयाचे मानद सचिव झाले. मानद म्हणजे काम सगळं आपलं आणि चहाही आपल्याच घरचा. पहिल्याच महिन्यात त्यांनी एक रजिस्टर घातलं. तारीख, यजमान, सांगितलेली माणसं, जेवलेली माणसं, काय कमी पडलं, काय उरलं, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. शेऱ्याशिवाय रजिस्टर म्हणजे काय रजिस्टर आहे? नऊ वर्षांत सहाशेवर पंगती त्यात आल्या. 'धारणीची बस उशिरा. एकशे चाळीस माणूस दुपारी चारला जेवलं आणि चांगलं जेवलं.' 'यजमानाचे साडू बुंदीच्या परातीजवळच खुर्ची टाकतात. परात हलवावी.' 'नवरदेवाची आत्या वाढायला लागली की थांबवू नये, रडते.' अशा शेऱ्यांच्या जोरावर त्यांच्या कार्यालयात कोणतीही पंगत कमी पडत नसे. अंजनगावचा आचारी तर यजमानाचं ऐकून घ्यायचा आणि शालिकरामजींना विचारून डाळ भिजवायचा.

मागच्या दिवाळीत त्यांची पुतणी दामिनी पुण्याहून आली होती. ती तिकडे एका कंपनीत डेटाबेसचं काम करते. तिनं आठ दिवस बसून ते सगळं रजिस्टर क्लाउडवर चढवलं. आता शालिकरामजी पंगतीतूनच मोबाइलवर आकडे भरत. शेरेही.

इथवर सगळं ठीक होतं. मग त्यांच्या एकुलत्या एक लेकीची, रागिणीची, सोयरीक अकोल्याच्या खुशालरावांच्या रोहितशी जमली. स्थळ सोन्यासारखं. पोरगा कृषी विद्यापीठात नोकरीला, रागिणीला मनापासून पसंत. खुशालराव म्हणजे अकोल्याच्या आपल्याच समाजाच्या मंगल कार्यालयाचे अध्यक्ष. साखरपुड्यात त्यांच्या कानावर रजिस्टरची कीर्ती गेली, आणि ते म्हणाले, "व्याहीबुवा, आमच्या कार्यालयाले पण द्या ना. आमचं वरण दर लग्नात पातळ होऊन राहिलं."

व्याह्यानं मागितलेली पहिलीच गोष्ट! शालिकरामजींनी लगेच दामिनीला फोन लावला. "फाइल पाठवून देऊ काय?"

"काका, पाठवायचं काईच नाई," दामिनी म्हणाली. "पाठवली म्हणजे एकाच्या दोन झाल्या. मंग तुमी इकडे नवी पंगत भराल अन् ते तिकडे जुनीच घेऊन बसतील. आपण शेअर करू. आपण देणारे, ते घेणारे. माल एकच, अन् तो आपल्याच गोदामात. त्याईले फक्त बाहेरून पाहाची परवानगी."

"म्हणजे गोदामाले जाळी."

"हाव, जाळी. तुमी इकडे आकडा भरला की त्याच क्षणी त्याईले तिकडे दिसते. त्याईले वाचता येते, बेरजा मारता येतात, पण आपलं एक अक्षर बदलता येत नाई. अन् परवानगी काढून घेतली की संपलं, त्याईच्या हातात काईच उरत नाई."

चौतीस वर्षांत इतकं शहाणं भांडार शालिकरामजींनी पाहिलं नव्हतं. माल द्यायचा, पण जागचा हलवायचा नाही! त्यांनी हा विषय कार्यकारिणीपुढे ठेवला. तिथे त्यांचे शेजारी डोमाजी बसले होते. डोमाजी म्हणजे प्रत्येक ठरावाला विरोध करून मग अनुमोदन देणारे. ते म्हणाले, "आपण देणारे, ते घेणारे, इतपर्यंत समजलं. पण देणाऱ्याले काय भेटते?"

"समाधान," मोबाइलच्या स्पीकरवरून दामिनी म्हणाली.

"ते पुण्यात भेटत असन," डोमाजी म्हणाले, आणि त्यांनी अनुमोदन दिलं. ठराव झाला: 'संपूर्ण पंगतनोंद अकोला शाखेस दाखवण्यात यावी.' त्यातला 'संपूर्ण' हा शब्द डोमाजींनीच घालायला लावला. नाहीतर अकोल्याचे लोक म्हणतील, अमरावतीचे लोक चोरून ठेवतात.

आता अकोल्याच्या कार्यालयाचं स्वतःचं असं क्लाउडचं खातं नव्हतं. म्हणून दामिनीनं आपल्याच खात्याखाली त्यांना एक वाचक खातं काढून दिलं. पण अकोल्याचे लिपिक पुंजाराम हे जुन्या वळणाचे. त्यांचा रोज अकरा वाजता फोन.

"साहेब, माल नाई आला अजून."

"अहो पुंजारामजी, माल येणारच नाही. तुम्ही तिकडून फक्त पाहायचं."

"पाहाची काईच अडचण नाई, साहेब. पण पाह्यच्या आधी आवक नंबर पडला पाहिजे. अन् आवक पडाले काईतरी आलं पाहिजे ना?"

आलं नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून उघडायचं नाही. यात पाच आठवडे गेले. शेवटी शालिकरामजींनी कार्यालयाच्या लेटरहेडवर रीतसर पत्र काढलं: 'यासोबत काहीही पाठवलेले नाही. तरी ते मिळाल्याची पोच द्यावी.' पुंजारामांनी त्या पत्रावर शिक्का मारला, आवक नंबर टाकला आणि पोच उलट टपाली आली. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला अशा वेळी जो आनंद होतो तो बाकीच्यांना नाही समजायचा.

आता फक्त एक खूण करायची राहिली होती. स्क्रीनवर दोन नावं होती. एक 'अकोल्यासाठी' आणि दुसरं 'मूळ रजिस्टर'. पहिल्यात दामिनीनं अकोल्याच्या कामापुरतेच रकाने घेतले होते. "पहिल्यावर खूण करजा, काका," असं तिनं दोनदा बजावलं होतं. पण शालिकरामजींनी ठराव समोर ठेवला, चष्मा पुसला आणि 'संपूर्ण' हा शब्द वाचला. आदेशात संपूर्ण म्हटलं की ते नटबोल्टबरोबर वायसरसुद्धा मोजून देत आले होते. ठरावापुढे पुतणी काय! त्यांनी 'मूळ रजिस्टर'वर खूण केली आणि समाधानानं पोहे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी पेपर मागायला आले. लग्न अठरा दिवसांवर आलं होतं. पेपर घडी करता करता त्यांनी सहज विचारलं, "शालिकराम, ते शेरे पण गेले काय रे अकोल्याले?"

शालिकरामजींचा कप बशीत वाजला. शेरे! शेरा हा रकाना आहे, आणि तो संपूर्णात मोडतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी मोबाइल उघडला आणि ओळ चारशे एकोणीस काढली. चार वर्षांपूर्वी खुशालरावांच्या पुतण्याचं लग्न अमरावतीत झालं होतं, तेव्हाची. सांगितलेली माणसं चारशे. जेवलेली आठशे चौऱ्याहत्तर. आणि शेरा: 'वराचे काका खुशालराव (अकोला) यांनी आपल्याला मधुमेह असल्याचे तीनदा सांगितले. जिलब्या पाच. या घरचे चारशे म्हणजे नऊशे धरावे. पुढे कोणी यांच्याशी सोयरीक केल्यास त्यास आधी सावध करावे.'

"बाप्पा रे!" डोमाजी म्हणाले. "मंग तुले कोनी सावध नाई केलं काय?"

त्यांना पेपरसकट घरी पाठवून शालिकरामजींनी दामिनीला फोन लावला. ती मीटिंगमध्ये. पुन्हा लावला, तरी मीटिंगमध्ये. पुण्याची माणसं काम कधी करतात देव जाणे. बरं, खुशालरावांना फोन करून काय सांगणार, ओळ चारशे एकोणीस वाचू नका? ज्यानं नसती वाचली तो चष्मा लावून वाचेल. शेवटी त्यांनी लग्नपत्रिकांचा गठ्ठा काखेत मारला, कपड्यांच्या घडीत पडलेला कोट चढवला आणि बायकोला, जमुनाबाईंना, सांगितलं, "मी अकोल्याले जाऊन येतो. व्याह्याले पत्रिका द्याच्या हायेत."

"अवो, पत्रिका त परवा नेऊन दिल्या ना तुमी?"

"कमी पडल्या असतीन," ते म्हणाले आणि बसस्टँडकडे निघाले.

बडनेरा सुटलं तेव्हा दामिनीचा फोन आला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हसली. शालिकरामजींना ते हसणं फार लागलं. पोरीचं लग्न मोडायच्या बेतात आणि ही हसून राहिली!

"काका, घाबरू नका. एका मिनिटाचं काम हाय. मूळ रजिस्टरची परवानगी काढते अन् 'अकोल्यासाठी'ची देते. फक्त तुमच्या नंबरवर सहा आकडे येतील ते सांगा."

खात्याला दिलेला नंबर होता जुना, आणि त्या नंबरचा मोबाइल होता घरी, जमुनाबाईंच्या डब्यांच्या फळीवर. शालिकरामजींनी बसमधून घरी फोन लावला. जमुनाबाई आकडे वाचू लागल्या. "चार... सात... हा तीन हाय का आठ? अवो, माहा चष्मा कुठी ठेवला तुमी?" चष्मा सापडेपर्यंत ते आकडे शिळे झाले. दुसऱ्यांदा आकडे आले तेव्हा दूधवाल्याचा फोन मध्ये आला. तिसऱ्यांदा सगळ्या बसनं श्वास रोखला होता, कारण शालिकरामजी प्रत्येक आकडा ओरडून परत म्हणत होते आणि मागच्या सीटवरचे एक गृहस्थ तो तिकिटावर लिहून घेत होते. मूर्तिजापूरच्या स्टँडात बस शिरली आणि दामिनी म्हणाली, "झालं, काका! बंद. त्याईनं आता उघडलं तर शेरा हा रकानाच दिसणार नाई. कॉपी गेलेलीच नव्हती, म्हणून मागं काई राह्यलं पण नाई."

शालिकरामजींना रडू यायचं बाकी होतं. फाइल पाठवली असती तर ती आज साऱ्या अकोल्यात फिरली असती! त्यांनी मागच्या गृहस्थांना आग्रहानं चहा पाजला.

पण त्यांच्या नशिबात चहा पचणं नव्हतं. बस निघाली आणि दामिनीचा पुन्हा फोन. तिचा आवाज उतरलेला होता.

"काका, वाचक खातं आपणच काढून दिलेलं हाय. म्हणून त्याच्यात कोनं काय पाह्यलं ते आपल्याले दिसते. काल संध्याकाळी कोनीतरी दोन तास सगळं रजिस्टर वाचलं. अन् आज सकाळी सहा वाजल्यापासून कोनीतरी एकच ओळ बदलाचा प्रयत्न करून राह्यलं होतं. अकरा वेळा. बदलता येतच नाई ना, मंग दर वेळी नकार."

"कोणती ओळ?"

"चारशे एकोणीस."

"अन् काय लिहून राहिले होते?"

"थांबा, तेच पाहून राहिली..." आणि बोरगाव मंजूच्या अलीकडे शालिकरामजींचा मोबाइल मेला. सकाळपासून बिचारा बोलतच होता.

उरलेला रस्ता कसा गेला ते त्यांचं त्यांनाच माहीत. व्याह्यानं वाचलं. नुसतं वाचलं नाही, पहाटे उठून अकरा वेळा स्वतःच्या हातानं ते पुसायला बसले. किती लागलं असेल माणसाच्या मनाला! आणि प्रत्येक वेळी आपल्याच रजिस्टरनं त्यांना नाही म्हटलं. रागिणीला काय सांगायचं? तुह्या बापानं पाच जिलब्यांसाठी तुहं लग्न मोडलं म्हणून? साखरपुड्याच्या साडीत किती छान दिसत होती पोर. खिडकीकडे तोंड करून शालिकरामजींनी डोळे पुसले आणि पत्रिकांचा गठ्ठा छातीशी धरला.

अकोल्याच्या स्टँडवर उतरले तर समोर खुद्द खुशालराव उभे. जमुनाबाईंनी फोन करून सांगितलं होतं, की आमचे हे येऊन राहिले, कशानं तरी घाबरले हायेत, आधी पाणी पाजा. खुशालरावांच्या हातात खरोखरच पाण्याची बाटली होती. पण त्यांचाही चेहरा काही बरा नव्हता. ते शालिकरामजींना हाताला धरून कडेच्या चहाच्या टपरीमागं घेऊन गेले.

"व्याहीबुवा, मी काल वाचलं," ते म्हणाले.

"माफ करा, खुशालरावजी. चार वर्षांखाली लिहिलं होतं. तेव्हा मले काय माहीत की सावध करायचा माणूस मीच..."

"थांबा जी, आधी माहं ऐका." खुशालरावांनी घाम पुसला. "आधी सगळ्या समाजाचं वाचलं अन् पोट धरून हासलो. मंग माही ओळ आली. साखरपुड्यात मी तुमाले चारशे माणूस सांगितलं, बरोबर? त्या दिवसापासून मले झोप नाई. आमचं घर मोठं, गाव मोठं, कोनाले नाई म्हणू? नऊशेच्या खाली येत नाई आमी. पण तुमाले सांगाची हिंमत होत नव्हती. लोक म्हणतील, मुलीकडच्याले बुडवाले निघाला. काल तुमचं वाचलं, चारशे म्हणजे नऊशे धरावे, अन् देवाशपथ सांगतो, छातीवरचा दगड उतरला. म्हटलं, याईले सगळं माहीतच हाय!"

शालिकरामजी बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी आचाऱ्याले नऊशे सांगितले मी. साडेनऊशेची डाळ ठेवली हाय."

खुशालरावांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. टपरीवाल्याला वाटलं, कोणीतरी गेलं असावं. त्यानं दोन चहा आपणहून पुढे केले. दोघांनी ते उभ्या उभ्या प्यायले, आणि शालिकरामजींना सकाळपासून पहिल्यांदा चहाची चव कळली. लग्न होतं, माणसं जेवणार होती, व्याही रागावलेला नव्हता. आणखी काय पाहिजे माणसाला!

"पण ते जिलब्यांचं तेवढं," खुशालराव आवाज खाली करत म्हणाले. "ते आमच्या हिनं वाचलं ना, तर मेलो मी. त्या दिवशी एकच खाल्ली म्हणून सांगितलं होतं. चार वर्षं निभावून नेलं."

"बंद केलं. मूर्तिजापूरलेच बंद केलं. आता कोणालेच दिसत नाही."

"आबाबा! कमाल आहे बुवा तुमची."

"तुमाले बदलता आलं नसन म्हणा. बाहेरून बदलता येतच नाही ते. पहाटेपासून अकरा वेळा बसले तुमी, मले फार वाईट वाटलं."

"मी?" खुशालराव म्हणाले. "मी कायले बसतो? मले ते खालीवर सरकवता येते तेवढंच. काल घरी वाचलं अन् कॉम्प्युटर उघडाच ठेवून झोपलो."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. चहा संपला होता. दोघं घराकडे निघाले.

घरी पानं मांडलेली होती. खुशालरावांच्या सौभाग्यवती मनकर्णाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत एकोणतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. बाई शांत, आवाज बारीक, पण वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई म्हणतात. त्यांनी वांग्याची भाजी वाढली, भाकरी वाढली, रागिणीची चौकशी केली, शालिकरामजींचा मेलेला मोबाइल स्वतः चार्जिंगला लावून दिला. शालिकरामजींना वाटलं, नाहीच वाचलं यांनी. केवढा भला संसार आहे. त्यांनी भाकरीचा पहिला तुकडा मोडला.

"व्याहीबुवा," मनकर्णाबाई समोर बसत म्हणाल्या, "तुमचं रजिस्टर काल यांनी उघडंच टाकलं होतं. पहाटे उठून पूर्ण वाचलं मी. फार नीट ठेवलं हो, असं काम आजकाल कोणी करत नाही. फक्त एका ठिकाणी आकडा चुकला. सहा वाजल्यापासून दुरुस्त करून राहिली, पण ते काही केल्या घेतच नाही."

खुशालरावांचा घास हातातच राहिला.

"पाच नाही," मनकर्णाबाई म्हणाल्या. "सात. दोन यांनी मंडपाच्या मागं जाऊन खाल्ल्या होत्या. मी बायकांच्या पंगतीतून मोजून राहिली होती."

शालिकरामजींनी व्याह्याकडे पाहिलं, मग विहिणीकडे पाहिलं. रजिस्टर म्हटलं की त्यांच्यातला भांडारपाल व्याह्याच्याही पुढे उभा राहत असे. "बाहेरून नाही बदलता येत, विहीणबाई," ते अदबीनं म्हणाले. "देणाऱ्यालेच बदला लागते."

"मग बदला."

शालिकरामजींनी डाव्या हातानं चार्जिंगवरचा मोबाइल उचलला आणि दामिनीला लावला. "दामिनी, ओळ चारशे एकोणीस. पाचाचे सात कर."

"कोन म्हणते, काका?"

"विहीणबाई म्हणतात."

"साडेसहा करा जी," ताटात बघत खुशालराव म्हणाले. "सातवी अर्धीच होती."